बुटांच्या कपाटाखालची पाटी

माझं नाव मला बुटांच्या कपाटाखाली सापडलं.

पहाटेचे पावणेसहा, बाहेर उणे आठ, आणि मी तालमीच्या दारात वाकून बूट काढत होते. वाकणं आणि पुन्हा सरळ होणं ही माझ्या वयात दोन वेगवेगळी कामं आहेत. पहिलं झालं होतं, दुसऱ्याची जमवाजमव चालली होती, तेवढ्यात कपाटाच्या डाव्या पायाखाली सारलेली लाकडाची पट्टी दिसली. बोटभर जाड, वीतभर लांब. वरचा चिखल अंगठ्यानं पुसला तर खाली अक्षरं निघाली: 'आकाबोरी'. उरलेलं 'फुसाए' कपाटाच्या पायाखाली होतं, आणि कपाटात अडतीस माणसांचे बूट होते.

आकाबोरी फुसाए म्हणजे मी. लग्नाआधीची.

आमच्या तालमीत तलवार शिकणाऱ्या प्रत्येकाच्या नावाची अशी पाटी भिंतीवर दोन ओळींत खुंटीला टांगलेली असते. उजवीकडे श्रेष्ठ, तिथून डावीकडे उतरत उतरत नवशिके. एकाच श्रेणीतले दोघं असतील तर परीक्षा आधी दिलेला आधी. भिंत वय बघत नाही, हुद्दा बघत नाही. आमचे नगराध्यक्ष तिथे एकोणिसावे आहेत आणि त्यांना ते ठाऊक आहे. मी तिसरी श्रेणी मिळवली तेव्हा उबुकाता गुरुजींनी माझी पाटी स्वतः लिहिली. आधी कागदावर तीनदा गिरवून पाहिलं, मग श्वास रोखून लाकडावर. शाई सुकेपर्यंत मी शेजारी बसून होते.

गावात माझं स्वतःचं नाव लिहिलेली ती एकच जागा होती. घराच्या दारावर नागुमो. दुकानावर नागुमो, कारण धुरावलेल्या मुळ्याचं लोणचं हा नागुमो घराण्याचा चार पिढ्यांचा धंदा. सासूबाईंच्या औषधांच्या पाकिटांवर नागुमो. थडग्यावरही नागुमोच असणार, माझी जागा तिथे राखलेली आहे.

सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा मी पस्तीस वर्षांची होते. नवरा म्हणाला, "थोडे दिवस तालीम बंद ठेव." तो वाईट माणूस नाही. त्याला खरंच थोडे दिवस वाटले होते. ते थोडे दिवस सव्वीस वर्षं चालले. गेल्या शरदात सासूबाई सत्त्याण्णवाव्या वर्षी गेल्या. शेवटपर्यंत भूक उत्तम होती. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले, भटजी मंडळी जेवून गेली, आणि मी माळ्यावर चढून चिलखताची पिशवी खाली काढली. उंदरांनी उजव्या हातमोज्याचा तळवा खाल्ला होता, मुखवट्याची जाळी गंजली होती. आठ संध्याकाळी बसून सगळं शिवलं, घासलं. नवरा समोर बसून चहा पीत बघत होता. त्यानं विचारलं, "किती दिवस जाणार आहेस?"

मी म्हणाले, "थोडे दिवस."

तर असा तो जानेवारीतल्या थंडीच्या तालमीचा पहिला दिवस होता. वर्षातले सगळ्यात गार दहा दिवस निवडून पहाटे सहाला, शेगडी न लावता, अनवाणी तलवार फिरवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. दहाही दिवस आलेल्यांची नावं शेवटच्या दिवशी भिंतीवरून वाचतात, आणि मग सगळ्यांना लाल चवळीचं गोड कढण मिळतं.

मी अजून वाकलेलीच असताना पाठीमागून आवाज आला, "या या, नागुमोबाई. बरं झालं आलात. यंदा कढणाला हात कमीच पडत होते."

हा ओनोदेरा. सध्याचा तालीमप्रमुख, सहावी श्रेणी. नगरपालिकेच्या क्रीडा विभागातून मुदतीआधीच निवृत्त झाला तेव्हा विभागही सोबत घेऊन आला. भिंतींवर प्लास्टिकच्या वेष्टनात बसवलेल्या चौदा सूचना आहेत. पहिली सूचना सांगते की सूचना वाचाव्यात. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान. एकेकाळी मी त्याला पट्टे बांधायला शिकवलं होतं.

माझ्या खांद्यावर चिलखत होतं आणि हातात चार फुटी बांबूची तलवार. कढण ढवळायला ही जरा लांब पडेल, असं मी म्हणाले. तो हसला. मग त्याच्या लक्षात आलं की मी हसत नाहीये.

"अच्छा, सराव. छान. या वयात हालचाल हवीच. नव्यांसाठी शनिवारी वेगळा वर्ग असतो."

मी पाटीकडे बोट दाखवलं.

त्यानं वाकून पाहिलं आणि त्याचा चेहरा उजळला. चोरी पकडलेल्या माणसाचा चेहरा असा उजळत नाही. हा माणूस अभिमानानं उजळला होता. सूचना क्रमांक चार, तो म्हणाला. सलग तीन वर्षं गैरहजर राहिलं की पाटी उतरते. नियम त्यानं प्रमुख झाल्यावर केलेला, पण लागू मागल्या काळापासून. "फेकली नाही हं. देवदाराचं अस्सल लाकूड. हे कपाट हलायचं, ही बरोब्बर बसली. आणि तसं पाहिलं तर त्या नावाचं माणूस आता कुठे आहे? तुम्ही नागुमो झालात."

मी भिंतीकडे पाहिलं. वरच्या ओळीच्या शेवटी कुवाहाराची पाटी जागेवर होती. कुवाहारा एकोणीस वर्षांपूर्वी कंपनीच्या बदलीवर ओसाकाला गेला, तिथे घर बांधलं, तिथेच नातवंडं झाली. त्याच ओळीत सुगायांची पाटी होती. सुगाया नऊ वर्षांपूर्वी वारले.

मी विचारलं, "कुवाहाराचं काय?"

"त्यांची बदली आहे. येतील ना परत. दर नव्या वर्षाला कार्ड पाठवतात."

"आणि सुगाया?"

"त्यांचं वेगळं आहे," ओनोदेरा म्हणाला.

वेगळं होतंच. नोकरीवर गेलेला पुरुष परत येऊ शकतो. मेलेला पुरुषही, कोण जाणे, येऊ शकतो, त्याची खुंटी मोकळी असलेली बरी. फक्त सासरी गेलेली बाई गेली ती गेली, आणि मी गेले होते कुठे, तर तालमीपासून चारशे पावलांवर. दुकानाच्या मागच्या खिडकीतून इथल्या आरोळ्या मला सव्वीस वर्षं रोज ऐकू येत होत्या. नव्या वर्षाचं कार्ड पाठवायचं तेवढं राहून गेलं.

मी पट्टी ओढायला हात घातला. ओनोदेरानं फार नम्रपणे माझ्या आणि कपाटाच्या मध्ये पाय ठेवला. काढली तर कपाट कलेल, बूट सांडतील, सकाळची शिस्त मोडेल. विषय एप्रिलच्या सभेत घेऊ. तोपर्यंत तात्पुरती सोय करतो. आणि त्यानं खरोखर सोय केली: नावं छापायच्या यंत्रातून एक चिकटपट्टी काढली, 'नागुमो (फु.)' अशी, आणि ती भिंतीवरच्या अगदी शेवटच्या मोकळ्या खुंटीखाली चिकटवली. माझ्या उजवीकडे, म्हणजे माझ्या वर, दातांच्या डॉक्टरांची बायको होती. नोव्हेंबरात आलेली. तलवार झाडूसारखी धरते.

त्या दिवशी मी तीनशे वार काढले. राग आला की अंगात बळ येतं म्हणतात, पण ही बातमी गुडघ्यांपर्यंत पोचलेली नसते. एकशे चाळीसाव्या वाराला उजवा गुडघा बोलला, दोनशेला डावा. हातांची मात्र तक्रार नव्हती. लोणच्याच्या पिंपांवरचे दगड सव्वीस वर्षं उचलून उतरवून माझी मनगटं अशी झालीत की नवरा बरण्यांची झाकणं माझ्याकडे आणून देतो. पाय इतके गार पडले होते की ते माझेच आहेत हे बघून खात्री करावी लागत होती.

दुसऱ्या दिवशी बूट काढायला वाकले. पाटी तिथेच. तिसऱ्या दिवशी तिथेच. चौथ्या दिवशी कुणाच्या तरी बुटातलं बर्फ वितळून 'आकाबोरी'वर थेंब थेंब पडत होतं. मी रुमालानं टिपलं. ओनोदेरा बघत होता. तो म्हणाला, "असू द्या, लाकूड चांगलं मुरलेलं आहे, खराब नाही होणार." इतकं समजुतीनं म्हणाला की मला त्याला तिथेच आडवा करावासा वाटला. पण दारात भांडू नये, ही सूचना क्रमांक अकरा.

पाचव्या दिवशी डॉक्टरांच्या बायकोनं माझ्या हातात चोळलं की तापणाऱ्या पुड्या कोंबल्या. बुटात घालायच्या. हळूच म्हणाली, "ताई, माझी पाटी तुमच्या आधी आहे, मला रात्री झोप येत नाही हो." तिचं नाव इतोए. गावात तिला सगळे डॉक्टरांची बायकोच म्हणतात. नाव मला भिंतीवर वाचून कळलं होतं. मी म्हटलं, "तू खुशाल झोप. जागायचं कुणी ते मी बघते."

घरी नवरा रोज पाठीला मलम चोळायचा. सातव्या दिवशी बोलला. एका पाटीपायी एवढं कशाला करतेस, मी सुताराकडून नवी करून आणतो, म्हणाला. मी त्याला विचारलं, दुकानाची पाटी काढून मुळ्याच्या पिंपाखाली घातली तर चालेल का, अगदी बरोब्बर बसेल. त्यानं पुढे अर्धा तास मलम चोळलं.

दहाव्या दिवशी उबुकाता गुरुजी आले. वय एक्याण्णव. कान गेलेत, डोळे आहेत. त्यांना मधोमध खुर्चीवर बसवलं, मांडीवर घोंगडी घातली आणि हातात दोन निशाणं दिली, एक तांबडं, एक पांढरं. शेवटच्या दिवशी एका गुणाच्या लढती होतात, पंच तेच. ज्याला जो प्रतिस्पर्धी हवा त्याचं नाव घ्यायचं. ज्याचं नाव घेतलं त्यानं नाही म्हणायचं नाही.

माझी पाळी आली तेव्हा मी ओनोदेराचं नाव घेतलं.

तिसऱ्या श्रेणीच्या एकसष्ट वर्षांच्या बाईनं सहाव्या श्रेणीच्या प्रमुखाला बोलावणं म्हणजे पतपेढीत जाऊन थेट गव्हर्नरला हाक मारण्यासारखं. पण तिथल्या कुणालाच एक हिशेब ठाऊक नव्हता. तरुणपणी आम्ही अकरा वेळा लढलो होतो, आणि अकराही वेळा मी जिंकले होते. मला वाटत होतं की हे फक्त माझ्या लक्षात आहे.

आम्ही वाकलो, तलवारी टेकवल्या, उठलो. मला काय हवं होतं ते मला पक्कं माहीत होतं. एक वार, त्याच्या डोक्याच्या मधोमध, इतका स्वच्छ की एप्रिलच्या सभेलाही ऐकू जावा.

तसं काही झालं नाही. सव्वीस वर्षं हा माणूस रोज इथे येत होता आणि मी येत नव्हते, हे त्याच्या पहिल्याच पावलात दिसलं. मी पुढे घुसले, तो नव्हता. मी पुन्हा घुसले, माझी तलवार त्यानं अशी बाजूला सारली जशी म्हातारीच्या हातातली पिशवी घ्यावी. माझ्या आरोळ्या मात्र सगळ्यात मोठ्या होत्या. खिडकीच्या काचा हलल्या असं इतोए नंतर म्हणाली. मग माझा गुडघा क्षणभर अडला, आणि त्याचा वार आला. टाळूवर, अगदी मधोमध. नारळ फुटावा तसा आवाज. मला लागलं नाही, चिलखत कशासाठी असतं, पण तो आवाज मी ओळखला. खरा वार होता. त्याच्या बाजूचं तांबडं निशाण वर गेलं.

आणि ओनोदेरानं उडी मारली.

फार नव्हे, चारेक बोटं. पण डावी मूठ वळली, कोपर मागे गेला आणि मुखवट्याच्या आतून एक आवाज आला, परीक्षेत पास झालेल्या पोराचा असतो तसा. सत्तावन्न वर्षांचा माणूस. अडतीस जणांनी पाहिलं.

आता इथे सांगायला हवं की आमच्या तलवारबाजीत एक गोष्ट चालत नाही. वार बसल्यावर आनंद दाखवायचा नाही. समोरच्यानं आपलं डोकं पुढे केलं म्हणून आपण शिकलो, त्याचा मान राखायचा. मूठ वळली, नाचला, की गुण रद्द. जगात कुठेही जा, हाच नियम. आमच्याकडे तो सूचना क्रमांक सात आहे. ओनोदेरानं त्यावर त्याच आठवड्यात पाऊण तास भाषण दिलं होतं, आम्ही गार फळ्यांवर गुडघे टेकून बसलो असताना.

गुरुजींनी तांबडं निशाण खाली घेतलं. क्षणभर दोन्ही निशाणांकडे पाहिलं, कुठलं कुठलं ते आठवत असावेत. मग दोन्ही समोर धरून आडवी उलटसुलट हलवली. गुण रद्द.

ओनोदेरा तसाच उभा होता. मूठ अजून वळलेली होती. आता ती कुठे ठेवावी हे त्याला कळत नव्हतं. उरलेल्या वेळात आम्ही दोघांनी एकमेकांना काही केलं नाही. मला दम नव्हता आणि त्याला मन नव्हतं. वेळ संपली, बरोबरी झाली, आम्ही वाकलो.

कडेला बसून मुखवटे सोडताना तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "लागला होता तो."

"लागला होता," मी म्हटलं. "स्वच्छ लागला."

"अकरा वेळा हरलोय तुमच्याकडून."

"मला वाटलं, मीच मोजते."

त्यानं मुखवट्याच्या दोऱ्या गुंडाळल्या, सोडल्या, परत गुंडाळल्या. मला त्याची जरा दया आली. तेवढ्यात तो उठला, कपडे नीट केले, भिंतीसमोर गेला आणि दहा दिवस हजर राहिलेल्यांची नावं वाचायला लागला. उजवीकडून डावीकडे, पाटीमागून पाटी. सुगायांच्या नावाला सगळ्यांनी मान लववली. सुगायांच्या नावाला सगळ्यांनी मान लववली. शेवटी इतोए. मग त्यानं कागद मिटला. माझ्या चिकटपट्टीच्या खुंटीवर पाटी नव्हती, आणि नियमानं वाचायच्या त्या पाट्या.

दया आली तशी गेली.

मी उठले. अनवाणीच दाराकडे गेले, कपाटाला खांदा लावला, लोणच्याच्या पिंपावरचा सगळ्यात जड दगड उचलते तसं कंबरेतून उचललं आणि पाटी पायानं बाहेर ओढली. कपाट सोडलं. ते डावीकडे कललं आणि अडतीस जोड बूट सावकाश, वरच्या फळीपासून क्रमानं, जमिनीवर उतरले. नगराध्यक्षांचा डावा बूट कढणाच्या पातेल्याशेजारी जाऊन थांबला.

पाटी अंगरख्याला पुसत मी भिंतीपाशी आले. आधी शेवटची चिकटपट्टी सोलली. मग इतोएची पाटी काढून त्या मोकळ्या खुंटीवर सरकवली. तिच्या आधीची तिच्या जागी. त्याच्या आधीची त्याच्या जागी. माझी जागा कुवाहाराच्या लगेच आधी होती, आणि तिथवर पोचायला सत्तावीस जणांना एकेक खुंटी खाली उतरवायचं होतं. मी घाई केली नाही. नगराध्यक्ष विसावे झाले. पातेल्यावरची वाफ कमी होत चालली होती.

कुवाहाराची पाटी वरच्या ओळीत होती. माझा हात पोचेना.

ओनोदेरा घसा खाकरत म्हणाला, "नागुमोबाई, हा विषय रीतसर समितीपुढे... आणि नाव तरी बदलून घ्यावं लागेल, आकाबोरी असं आता कुणी..."

गुरुजींना यातलं काही ऐकू गेलं नसणार. ते माझ्या हातातल्या पाटीकडे बघत होते.

"अक्षर माझं आहे," ते म्हणाले. "तेव्हा हात चांगला होता." मग घोंगडी सावरत म्हणाले, "ओनोदेरा, कढण गार होतंय. तिला स्टूल दे."

ओनोदेरानं स्टूल आणलं. मी चढले तेव्हा त्यानं ते धरलंसुद्धा, दोन्ही हातांनी, कारण ते हलत होतं. मी कुवाहाराला एक खुंटी खाली उतरवलं आणि त्याच्या जागी पाटी लावली. एका कोपऱ्यावर कपाटाच्या पायाचा खोलगट वण आहे, तो जाणार नाही. वरून मी खाली पाहिलं. ओनोदेराचं टक्कल माझ्या गुडघ्याशी होतं, अगदी मधोमध, आणि माझ्या हातात तलवार नव्हती.

"वाच," मी म्हटलं. सव्वीस वर्षांनी त्याला पहिल्यांदा एकेरीत बोलले. "नाव वाचायचं राहिलंय."

त्यानं स्टूल न सोडता वाचलं, "आकाबोरी फुसाए. तिसरी श्रेणी. दहा दिवस."

मी "हजर" म्हटलं. आवाज जरा मोठा झाला असावा. गुरुजींनाही ऐकू गेला.

कढण मी दोन वाट्या खाल्लं. गोड कमी होतं, आणि ढवळणाऱ्यानं तळ लागू दिला होता, पण मी काही बोलले नाही. ते काम माझं नव्हतं.

राग गेलाय का, असं नवरा परवा विचारत होता. नाही गेला. मी आता आठवड्यातून तीनदा जाते, आणि तो मला पुरवून पुरवून वापरायचा आहे. कपाट अजून हलतं. पुठ्ठा घालून पाहिला, ओला होऊन बसला. विषय एप्रिलच्या सभेत आहे, आणि मी रीतसर लेखी सूचना दिली आहे: कुवाहाराची पाटी साधारण त्याच जाडीची आहे.